कप्तान दिपालीचा सत्कार

आमच्या आश्रमशाळेत रग्बी आली ती माझ्या आळसामुळे, हे आधीच कबूल करून टाकतो. आता लोक मला 'दूरदृष्टीचे क्रीडाशिक्षक' वगैरे म्हणून स्टेजवर बसवतात. मी मान खाली घालून बसतो आणि त्यांना तो माझा विनय वाटतो. खरी गोष्ट अशी की बीड जिल्ह्यात कबड्डीला गल्लोगल्ली संघ. तालुका जिंका, जिल्हा जिंका, विभाग जिंका, मग कुठं राज्याचं तोंड दिसणार. एका वर्षी बीडला क्रीडाशिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर होतं. तिथं पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षकानं अंड्यासारखा लांबुळका चेंडू दाखवला आणि म्हणाला, "या खेळाचा तुमच्या भागात एकही संघ नाही. जो आणेल तो थेट राज्याला." मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. जेवणाच्या पंगतीतसुद्धा मी इतक्या घाईनं हात पुढं केलेला नाही.

मी आसाराम सर. कडा गावाच्या अलीकडं सात-आठ किलोमीटरवर आमची वाडी आणि वाडीच्या माळावर आमची शाळा. साखर कारखाना हाकेच्या अंतरावर असूनही आमची माणसं ऊस तोडायला जातात ती पार कर्नाटकात. दसरा झाला की टोळ्या निघतात, पोरं आमच्याकडं वसतिगृहात राहतात, आणि उन्हाळ्यात आई-बाप परत आले की पोरांना ते आधी नीट ओळखू येत नाहीत. त्याच पोरांतली एक दिपाली. त्रिंबक आणि भिवराबाईची थोरली. तिच्या पाठचा बजरंग.

दिपाली पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा अकरा वर्षांची होती. उंच, हाडापेरानं मोठी, आणि वादावादीला कायम तयार. रग्बीत चेंडू हातानं पुढं फेकायचा नसतो, मागंच द्यायचा. पळायचं मात्र पुढं. मी नियमांचं पुस्तक हातात धरून हे सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, ह्यो कसला उलटा खेळ? फडात मोळी कुणी मागं देतं का? गाडीकडंच द्यायची की!" आठ दिवस ती चेंडू पुढंच फेकत होती. नवव्या दिवशी कळलं, आणि मग तिला कुणाच्यानं आवरेना. समोरच्या पोरीला टॅकल करायचं म्हणजे कमरेखाली मिठी मारून आडवं करायचं. दिपाली हे काम असं करी की पडलेली पोरगी उठल्यावर तिच्याकडं रागानं नाही, आदरानं बघे.

पहिल्या वर्षी राज्याला आमचा पार धुव्वा उडाला. दुसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी तिसरे आलो. मग दिपालीला पुण्याच्या लोकांनी हेरलं, कॉलेजला तिकडं नेलं, शिबिरं सुरू झाली. एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या संघात गेली. तेविसाव्या वर्षी कप्तान झाली.

ही बातमी मी त्रिंबकला फडावर फोन करून दिली. त्यानं कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हंजे मुकादम झाली म्हणा की सर. हाताखाली किती जण?"

"सात मैदानात, पाच बाहेर."

"पाच जण नुसते बसून ऱ्हातेत?"

"अरे, कुणी दमलं, कुणाला लागलं तर ते आत जातात."

"असं व्हय. मग चांगलं हाय," तो म्हणाला. "आमच्यात लागलं तर कोन जातंय आत."

पुढची दोन वर्षं लोक दिपालीचे फोटो मोबाईलवर एकमेकांना पाठवत होते. पेपरात नाव, टीव्हीवर मुलाखत. त्या मुलाखतीत तिनं माझं नाव घेतलं, तेव्हा मी घरात नव्हतो. माझी बायको वनमाला अख्ख्या आळीला ओरडून सांगत सुटली होती. आणि मग त्या भाद्रपदात आपल्या पोरींनी बाहेरदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत रौप्यपदक मारलं. उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला ट्राय कुणी केला? दिपालीनं. दोन पोरी तिच्या कमरेला लोंबकळत असताना तिनं चेंडू रेषेपलीकडं टेकवला. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल ते वनमालेला विचारा.

इथून पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

अर्जुनराव आमच्या वाडीचे मोठे बागायतदार. एकेकाळी जिल्हा परिषदेत होते. दारात दोन जेसीबी, ओट्यावर कायम दहा माणसं. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना कुठलीच गोष्ट लहान करता येत नाही. ते मला म्हणाले, "सर, शेजारच्या गावात पुढाऱ्याच्या पोराच्या वाढदिवसाला क्रेननं हार घालत्यात. आन् आपली पोरगी देशाची कप्तान! तिला काय नुसता नारळ-टोपी द्यायची? तिला बोलवा. बाकी माझ्यावर सोडा."

मी दिपालीला फोन केला. ती म्हणाली, "सर, न्हाई जमायचं. पाच आठवड्यावर पात्रता स्पर्धा हाय. पहिल्या दोनात आलो ना, तर जगातल्या मोठ्या संघांसोबत वर्षभर खेळायला मिळंल. ह्याच्यासाठीच तर एवढी वर्षं घासली. आता कॅम्प सोडून हार घालून घ्यायला येऊ?"

पोरीचं बोलणं रास्त होतं. पण मी अर्जुनरावांना होकार देऊन बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही स्टेजवर तिच्या शेजारी बसायचं होतं. मी तिचं मर्म ओळखून होतो. म्हणालो, "तुझे आबा आता दसऱ्याला टोळीसंगं जातील. त्यांनी तुला खेळताना एकदा तरी पाहिलंय का? निदान तुझा मान तरी बघू दे त्यांना." दुसऱ्या दिवशी तिनं प्रशिक्षकांकडून चार दिवसांची सुट्टी मागून घेतली. त्यांनी एकच अट घातली, अंगाला जपायचं.

मिरवणूक मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत निघाली. उघडी जीप, डीजे, गुलाल. दोन्ही बाजूंना जेसीबी आणि त्यांच्या बकेटीत झेंडूच्या पाकळ्या. भिवराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांच्या घोळक्यात चालत होती आणि प्रत्येकीला सांगत होती, "लहानपणी लई किरकिरी हुती हो." त्रिंबकनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तो लेकीच्या जीपमध्ये बसायला तयार नव्हता. जीपच्या मागच्या चाकाला हात लावून चालत होता. मी त्या दिवशी इतका खूश होतो की मला स्वतःची लाज वाटत नव्हती.

शाळेपुढं क्रेन उभी होती. तिला दोन क्विंटलचा हार टांगलेला, असं अर्जुनराव म्हणत. मी म्हणतो एक असेल. पुढं विजेची तार होती म्हणून क्रेनवाल्यानं गाडी जरा अलीकडंच थांबवली. दिपाली खाली उभी राहिली. हार खाली येऊ लागला आणि मधेच अडकला. क्रेनची साखळी गुंतली होती. हार दिपालीच्या डोक्यावर दोन हात उंच, तसाच लोंबकळत राहिला. पब्लिक ओरडायला लागलं. मोबाईल वर धरून सगळ्यांचे हात दुखायला लागले होते.

माईक माझ्या हातात होता. मोकळा वेळ भरून काढायची शिक्षकाची खोड. मी सांगायला लागलो, की मंडळी, रग्बीत चेंडू वरून येतो तेव्हा दोघी जणी मिळून तिसरीला मांडीला धरून वर उचलतात, आणि ती हवेतच चेंडू धरते. आमची दिपाली त्यात पटाईत आहे!

"दाखवा! दाखवा!" पोरं ओरडली.

अर्जुनराव स्टेजवरून म्हणाले, "त्रिंबक, उचल की लेकीला! बापाचा मान हाय तो. बजरंग, तू बी लाग रे. आपोआप हारात जाईल पोरगी."

दिपाली म्हणाली, "नको आबा. सर, नको ना." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी थांबवायला हवं होतं. तिथं जमलेल्या दोन हजार माणसांत तो खेळ माहीत असलेला मी एकटा होतो. आणि मी माईकवर म्हणालो, "उचला!" दोन्ही बाजूंच्या भोंग्यांतून माझाच आवाज घुमून माझ्याकडं परत आला.

त्रिंबक म्हणजे तीस वर्षं उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवणारा माणूस. त्यानं एका मांडीला धरलं, बजरंगनं दुसऱ्या. "हूं" म्हणून दोघांनी तिला अलगद वर नेलं. तिचं डोकं हारात शिरलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, जेसीबीवाल्यांनी पाकळ्या ओतल्या. त्रिंबकचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं होतं. आणि तेवढ्यात ती गुंतलेली साखळी सुटली. हार हातभर खाली आला आणि सगळा भार दिपालीच्या खांद्यांवर बसला. त्रिंबकचा पाय मागं सरकला. खाली चिरडलेला झेंडू आणि त्यावर गुलालाचा चिखल. फुलं फार निसरडी असतात. त्याचा हात सुटला. बजरंगनं मात्र आपली बाजू घट्ट धरून ठेवली होती. त्यामुळं दिपालीचा एक पाय वर राहिला आणि दुसरा तिरका जमिनीवर आला, सगळं अंग आणि सगळा हार घेऊन.

दोन क्षणांत ती उठली. हसली, दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं खेळात असंच उतरतात. पुन्हा टाळ्या पडल्या. तिनं पाच मिनिटं भाषणही केलं, एका पायावर उभं राहून. त्रिंबक बाजूला उभा होता. माझं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

भाषण झाल्यावर मी तिला शाळेच्या ऑफिसात नेलं. दार लावल्यावर तिनं भिंत धरली. गुडघा तोवर टरारून सुजला होता. मी सरबतवाल्याच्या गाडीवरून बर्फ आणला.

"सर, आत टचकन वाजलं," ती म्हणाली.

"मुरगळला असंल. तेल लावून..."

"न्हाई सर. आमच्यातल्या दोघींचं बघितलंय मी. आतली शीर तुटली. ऑपरेशन लागतंय. वरीसभराचं काम हाय हे." तिनं बर्फाची पिशवी धरून डोळे मिटले. "पाच आठवडे उरलेवते, सर."

मी म्हणालो, "चुकलो मी, दिपाली."

ती म्हणाली, "आमच्यात नियम हाय. जिनं उचललं तिनंच पायावर आणून ठेवायचं. मधे सोडलं की पंच शिट्टी मारतो." मग डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाली, "आबांना ह्यातलं काहीबी कळू द्यायचं न्हाई. फायनलमधे लागलंवतं, तेच आता वर आलं, असं सांगायचं. त्यांना कळलं तर ते जगायचे न्हाईत सर. शपथ घ्या."

मी घेतली. दुसरं काय करण्यासारखं माझ्या हातात राहिलं होतं?

कॅम्पात तिनं घराच्या पायरीवरून घसरले असं सांगितलं. गावात मी फायनलचं सांगितलं. आणि गावानं काय करावं? गाव पेटलं. परदेशी पोरींनी मुद्दाम आपल्या कप्तानाचा गुडघा मोडला, असा शोध दोन दिवसांत लागला. अर्जुनराव म्हणाले, निवेदन द्यायचं. कुणाला? तहसीलदारांना! परदेशी संघाचं आणि आष्टीच्या तहसीलदारांचं काय नातं, हे विचारायची सोय नव्हती. वाडीत अक्षर माझंच चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. 'आमच्या गावच्या सुकन्येवर परदेशी खेळाडूंनी केलेल्या भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध' असं मी माझ्या हातानं, रेघा मारून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली साठ सह्या. त्रिंबकला सही येत नाही, त्यानं अंगठा दिला. तहसील कचेरीतल्या कारकुनानं शिक्का मारून घेतलं ते. लिहिताना मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. ती सोय संघटनेनं केली. मी आणि वनमाला जाऊन राहिलो, कारण त्रिंबकची टोळी तोवर निघून गेली होती. पात्रता स्पर्धेचा सामना दिपालीनं पलंगावर पाय उंच ठेवून मोबाईलवर पाहिला. तिच्या जागी ओडिशाची एक पोरगी कप्तान होती. मी देवाला काय मागत होतो ते सांगायची लाज वाटते: पोरी हराव्यात, म्हणजे दिपालीशिवाय चालत नाही हे जगाला कळेल. पोरी जिंकल्या. दिपाली एवढ्या जोरानं टाळ्या वाजवत होती की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. मग मोबाईल बंद करून वनमालेला म्हणाली, "काकू, उशी जरा सरकवता का?"

वर्षभर तिनं गुडघ्यासाठी जे केलं ते मी पाहिलंय. वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, शंभरदा, दोनशेदा. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा कॅम्पला गेली. पळत होती, टॅकल करत होती, सगळं करत होती. फक्त वळताना अर्धा क्षण उशीर होत होता. या खेळात अर्ध्या क्षणात पोरगी पुढं निघून जाते. यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. नव्या कप्तानानं तिला मिठी मारली म्हणे. दिपालीचं वय तेव्हा सव्वीस.

ती परत आमच्याच शाळेत आली, मानधनावर पोरींना शिकवायला. माझ्याच मैदानावर, माझ्याच शिट्टीनं. चिडत नाही, रडगाणं गात नाही. मी तिच्यापुढं उभा राहिलो की मलाच काय करावं सुचत नाही, म्हणून मी चुना घेऊन मैदानाच्या रेषा मारत बसतो. मनाला एकच समाधान होतं, की निदान ती शपथ मी पाळली. त्रिंबकच्या कानावर काही जाऊ दिलं नाही.

परवाची गोष्ट. पौष चालू आहे, टोळ्या कर्नाटकात आहेत. दुपारी दिपाली शाळेच्या व्हरांड्यात बसली होती, मी शेजारी चहा घेत होतो. भिवराबाईचा फोन आला. दिपालीनं चहाचा कप हातात असल्यामुळं स्पीकर लावला.

"जेवलीस का गं?" इथून सुरुवात झाली. मग थंडी, मग बैल, मग बजरंगच्या लग्नाची बोलणी. मग भिवराबाई आवाज खाली घेऊन म्हणाली, "दिपे, तुझ्या आबाला जरा समजावून सांग बाई. माझं ऐकंना झालेत."

"कावून? काय केलं आबांनी?"

"मोळीच उचलंना झालेत. तोडत्यात, बांधत्यात, समदं करत्यात. पर गाडी भरायची येळ झाली की बाजूला जाऊन बसत्यात. मी आन् बजरंगच भरतो. मुकादम लई बडबडतोय. गेल्या साली म्हणलं, कंबर धरली आसंल. औंदा बी तेच. काल लईच इचारलं तवा म्हनले, माझ्या हातातून सुटतंय, भिवरे. मला उचलाय लावू नगंस."

दिपालीनं कप खाली ठेवला. माझ्याकडं वळून अगदी हळू विचारलं, "सर, तुमी सांगितलं?"

मी मान हलवली. नाही. कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पस्तीस वर्षं पोरं शिकवलेल्या माझ्या डोक्यात. ज्याच्या हातातून लेक सुटली त्याला कुणी सांगायची काय गरज होती? तो दीड वर्षं सगळं जाणून होता. निवेदनावर अंगठासुद्धा त्यानं जाणूनच दिला होता. आम्ही त्याच्यापासून लपवतोय हेही त्याला ठाऊक होतं, आणि लेकीचं मन राखायला तो तेही सोसत होता.

दिपालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुडघा मोडला तेव्हा नाही, यादीत नाव नव्हतं तेव्हा नाही; मी तिला रडताना पहिल्यांदा पाहत होतो. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"आई, आबांना दे फोन."

पलीकडं खुडबुड झाली. कुणाची तरी हाक, उसाच्या पाल्याची सळसळ. मग त्रिंबकचा आवाज आला, "बोल बाई."

"आबा," ती म्हणाली, "ते फायनलमधलंच हुतं. माझ्या गुडघ्याचं. त्या बाहेरच्या पोरीनं आडवा पाय घातलावता. तुमाला म्हाईत हाय ना?"

पलीकडं नुसती पाल्याची सळसळ. मी आणि दिपाली फोनकडं बघत बसलो.

"व्हय बाई," त्रिंबक म्हणाला. "म्हाईत हाय मला." आणि त्यानं फोन बजरंगकडं दिला.